बारमाही गुलाबाचे माहेर

आमच्या गॅलरीतल्या कुंडीत एक तांबडा गुलाब आहे. आईच्या देवांना बारा महिने त्याचेच फूल. यंदा पावसाळ्यात त्याच्या एका फांदीच्या अंगात काय संचारले कोण जाणे! कठडा ओलांडून ती शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत पोचली, आणि फूल मात्र एकही देईना. माळ्याने पाहिले. फांदी खुंटातून फुटलेली नव्हती, कलमाच्या वरचीच होती. "छाटून टाका, साहेब," तो म्हणाला. "जरा थांब," म्हणून मी पुस्तके उघडली आणि थेट चीनमध्ये जाऊन पोचलो.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातले बहुतेक गुलाब वर्षातून एकदाच फुलत. ही रीत मोडली ती चीनमधून आलेल्या गुलाबांनी. त्यांतले काही कलकत्त्यामार्गे गेले. फ्रेंचांनी तर त्यांचे नावच 'बंगालचा गुलाब' करून टाकले! पण हे गुलाबही बागेतलेच, माणसाने पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले. मग त्यांचा रानातला पूर्वज कोठे होता?

ऑगस्टिन हेन्री हा आयरिश डॉक्टर चीनच्या जकात खात्यात नोकरीला होता. यांगत्सेकाठच्या इचांगजवळ, दऱ्याखोऱ्यांत, १८८४ साली त्याला तो सापडला. चढत जाणारा काटेरी वेल, त्याला पाच पाकळ्यांची साधी फुले. १९०२ मध्ये त्याने चित्रासह ही हकीकत छापली. पुढे अनेक दशके बाहेरच्या जगाला त्याचे दर्शन दुर्मीळच झाले. अखेर १९८३ साली मिकिनोरी ओगिसू या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाला तो सिच्वान प्रांतात पुन्हा भेटला.

खरी गंमत पुढेच आहे. बारमाही गुलाबांचा पूर्वज मानला जाणारा हा वेल स्वतः वर्षातून एकदाच फुलतो!

२०१२ साली फ्रान्स आणि जपानमधल्या संशोधकांनी याचे कारण उलगडले. गुलाबात एक जनुक असते. "फुलू नकोस, वाढ," असे झाडाला बजावणे हे त्याचे काम. वसंतात त्याचा आवाज बसतो, तेव्हा झाड फुलते. मग ते पुन्हा दरडावते आणि झाड नुसते वाढत सुटते. बारमाही गुलाबात या जनुकात आनुवंशिक द्रव्याचा एक भटका तुकडा घुसून बसला आहे. जनुक मुके झाले, आणि येणारा प्रत्येक फुटवा फुलातच संपू लागला. म्हणजे आईच्या देवांचा रोजचा गुलाब हा एका बिघाडाचा प्रसाद! तो बिघाड जपणाऱ्या चिनी माळ्यांचे मात्र कौतुक केले पाहिजे.

क्वचित हा घुसखोर बाहेरही पडतो. एका जुन्या चिनी गुलाबात संशोधकांना तसे दिसले. तुकडा निघून गेला, थोडा अवशेष उरला, आणि बागेतले शहाणे झुडूप पुन्हा वेलासारखे चढू लागले. बारमाही फुलणेही त्याने सोडले.

आमच्या फांदीत हेच घडले, असे प्रयोगशाळेच्या तपासणीवाचून मी म्हणणार नाही. आईला सारे सांगितले. "म्हणजे माहेर आठवले म्हणायचे तिला," ती म्हणाली आणि कात्री ठेवून सुतळी शोधायला उठली.

फांदी आता कठड्याला बांधली आहे. शेजाऱ्यांना कपडे हातभर पलीकडे वाळत घालावे लागतात.