घड्याळाची दुरुस्ती आणि दुरुस्तीची दुरुस्ती

जुन्या घरात भिंतीवर लाकडी पेटीचे घड्याळ टांगलेले असते. खाली काचेच्या दारामागे लंबक हलत असतो. आठ दिवसांतून एकदा त्याला चावी द्यायची. मग ते आठवडाभर वेळ दाखवते आणि दर तासाला टोल देते. असे घड्याळ तुम्ही पाहिले असेल. पण पुष्कळ घरांत ते आता नुसते टांगलेले असते. ते चालत नाही.

आमच्या प्रौढ वर्गात येणाऱ्या एका आजींच्या घरी असेच एक घड्याळ होते. त्यांच्या आजेसासऱ्यांनी ते मुंबईहून आणलेले. तबकडीवर ‘अॅन्सोनिया’ असे इंग्रजीत नाव. ही अमेरिकेतली कंपनी. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात तिचा मोठा कारखाना होता. १९२९ साली तो बंद झाला. तेव्हा या घड्याळाचे वय शंभराच्या आसपास धरायला हरकत नाही.

घड्याळ चार वर्षे बंद होते. नातू म्हणाला, “आजी, आतलं सगळं काढून टाकू. सेलचं मशीन बसवू. स्वस्तात काम होईल.” आजी म्हणाल्या, “मग त्यो टोल कोन देनार? त्या टोलावर मी पन्नास वर्सं उठले.”

म्हणून आजींना घेऊन आम्ही तालुक्याच्या गावी एका जुन्या घड्याळजीकडे गेलो. पुढे चार-पाच वेळा जाऊन त्यांच्याशेजारी बसलो. तिथे जे पाहिले ते इथे सांगतो. ते घड्याळापुरतेच उपयोगी आहे असे नाही.

घड्याळ चालते कसे?

घड्याळाच्या पोटात पोलादी पट्टीची गुंडाळी असते. तिला स्प्रिंग म्हणतात. आपण चावी देतो तेव्हा ही पट्टी आवळली जाते. मग ती हळूहळू सुटू पाहते आणि चाके फिरवते. आजींच्या घड्याळात अशा दोन स्प्रिंगा होत्या. एक काट्यांसाठी, दुसरी टोलासाठी. म्हणून तबकडीवर चावीची भोकेही दोन.

स्प्रिंग मोकळी सोडली तर चाके क्षणात भरभर फिरून थांबतील. त्यांना आवरायला शेवटच्या चाकावर एक लहान पोलादी तुकडा असतो. त्याला दोन नख्या असतात. लंबक इकडे गेला की एक नखी उचलते आणि चाकाचा एक दाता सुटतो. लगेच दुसरी नखी पुढचा दाता अडवते. तोच ‘टिक’. लंबक परतला की ‘टॉक’. पाण्याच्या टाकीला तोटी असते आणि थेंब थेंब पाणी सुटते, तसेच हे. स्प्रिंग ही टाकी आणि नखी ही तोटी. जाता जाता तो दाता लंबकाला हलकासा धक्काही देतो. म्हणून लंबक थांबत नाही.

लंबकाचे पहिले घड्याळ हॉलंड देशातल्या हायगेन्स नावाच्या शास्त्रज्ञाने १६५६ साली तयार करवले. लंबक किती वेळात झोका घेतो, ते त्याच्या लांबीवर ठरते. २५ सेंटिमीटर लांबीचा लंबक एका सेकंदात दोन वेळा ‘टिक’ करतो. म्हणजे एका दिवसात १,७२,८०० वेळा. एवढे काम ते यंत्र रोज करते. त्यात केसाएवढा अडथळा आला तरी ते थकते.

आधी विचारले, मग ऐकले

घड्याळजींनी घड्याळ लगेच खोलले नाही. आधी आजींना विचारले, “याला आजवर कोणी कोणी हात लावला?”

आजी म्हणाल्या, “लई जणांनी. थंडीत एकदा बंद पडलं, तवा दिरानं खोबरेल सोडलं. मग चाललं. पुढल्या थंडीत पुन्ना बंद. मग एक फिरता कारागीर आला, त्यानं आत ठोकठाक केली. मग भाच्यानं नवी स्प्रिंग घातली. पुढं टोल चुकायला लागला, तर कोनी तरी काट्याला डाग दिला. शेवटी शेवटी भिंतीवर वाकडं टांगलं की चालायचं, सरळ केलं की बंद.”

घड्याळजींनी हे सगळे वहीत लिहून घेतले. मग घड्याळ सरळ टांगले, लंबकाला हाताने झोका दिला आणि कान लावला. ‘टिक-टॉक’ सारख्या अंतराने येत नव्हते. ‘टिक’नंतर लगेच ‘टॉक’, मग मोठी फट. लंगडा माणूस चालावा तसे. दहा-बारा झोक्यांत ते थांबले.

आत काय निघाले?

खोलण्याआधी त्यांनी दोन्ही स्प्रिंगा उतरवल्या. हे फार जोखमीचे काम आहे. अशी स्प्रिंग सुमारे आठ फूट लांब आणि पाऊण इंच रुंद असते. आवळलेली असताना ती सुटली तर बोटे फाडते आणि चाकांचे दातेही मोडते. त्यांनी चावी घट्ट धरली, अडसर बाजूला केला आणि थोडी थोडी सैल सोडली. हे काम माहीत नसलेल्याने करूच नये.

मग एकेक गोष्ट दिसू लागली.

पहिले खोबरेल. खोबरेल तेल थंडीत गोठते हे घरातल्या बाटलीवरून आपल्याला ठाऊक आहे. घड्याळातही ते गोठले. म्हणून दर हिवाळ्यात घड्याळ बंद! शिवाय तेल चाकांच्या दात्यांवरही ओतलेले. त्यावर धूळ बसली. तेल आणि धूळ मिळून त्याचा खरकागद झाला. त्याने आस आणि भोके घासली गेली.

दुसरी ठोकठाक. चाकांचे आस पितळी पत्र्याच्या भोकात फिरतात. भोक झिजून लांबट झाले की चाक कलते आणि दाते एकमेकांत रुततात. त्या कारागिराने भोकाभोवती खिळ्याने ठोकून पितळ आत दाबले होते. त्याने भोक वरवर लहान झाले. पण ते मधोमध आले नाही, वेडेवाकडे झाले.

तिसरी स्प्रिंग. घड्याळ थांबते म्हणून भाच्याने जास्त जाड स्प्रिंग घातली. पट्टीची जाडी सव्वापट केली तर जोर जवळजवळ दुप्पट होतो. घड्याळ चालू लागले खरे. पण वेड्यावाकड्या भोकांवर दुप्पट भार आला आणि ती आणखी झिजली. गाडीचा आख जाम झाला असताना दुसरी बैलजोडी जुंपावी, तसे झाले. गाडी चार पावले गेली, पण आख खलास.

चौथा डाग. या जातीच्या घड्याळात तासकाटा नुसता दाबून बसवलेला असतो. टोल आणि काटा यांचा मेळ चुकला तर तासकाटा हलकेच फिरवून टोलाशी जुळवता येतो. इथे तो काटा कथलाच्या डागाने कायमचा चिकटवलेला. म्हणून दोन वाजता पाच टोल पडत.

घड्याळजी म्हणाले, “मूळ आजार एकच होता. मळ साचला आणि दोन भोकं झिजली. बाकीचे सगळे आजार औषधानं झाले.”

आधी काढायचे, मग बसवायचे

पहिले तीन दिवस त्यांनी नवे काही केलेच नाही. आधीच्या लोकांनी केलेले काढले. काट्यावरचा कथलाचा डाग ब्लेडने कण कण खरवडला. जास्त आच दिली असती तर काट्याचा निळा रंग गेला असता. सगळे भाग रॉकेलमध्ये धुतले. लाकडाची काडी टोकदार करून प्रत्येक भोकात फिरवली. काडी काळी निघे. ती टाकून दुसरी घेत. काडी स्वच्छ निघेपर्यंत हेच चालले. “भोकातला मळ डोळ्याला दिसत नाही, काडीला दिसतो,” असे ते म्हणाले.

मग खरी दुरुस्ती. आसांची चरे पडलेली टोके घासून गुळगुळीत केली. झिजलेले भोक त्याच्या मूळ मध्यावर धरून गोल मोठे केले. त्यात बारीक पितळी बुश दाबून बसवला. बैलगाडीच्या तुंब्यात लोखंडी नळी बसवतात, तसाच हा प्रकार. डाग नाही, चिकटवणे नाही. उद्या बुश झिजला तर काढून दुसरा घालता येईल. अशी भोके दोनाची सात झाली होती. जाड स्प्रिंग काढून योग्य जाडीची घातली.

तेल दिले ते सुईच्या टोकावर मावेल इतके. आणि तेही घड्याळाचे तेल. ते आसांच्या भोकात आणि नख्यांवर दिले. स्प्रिंगांना हलका हात फिरवला. चाकांच्या दात्यांना तेल मुळीच नाही.

शेवटी घड्याळ सरळ टांगून लंबकाला ढकलणारी तार किंचित वाकवली. पुन्हा कान लावला. टिक, टॉक, टिक, टॉक. आता अंतर सारखे. वाकडे टांगायची गरज संपली.

तरी त्यांनी घड्याळ लगेच दिले नाही. ते म्हणाले, “चावी नवी असताना स्प्रिंगेत जोर असतो. आठव्या दिवशी जोर उतरतो. आठवा दिवस पार पडला तर दुरुस्ती झाली.” त्या आठ दिवसांत त्यांनी वेळही जुळवली. लंबकाखाली एक लहान चाकी असते. घड्याळ पुढे पळत असेल तर चाकी खाली घ्यायची. मागे पडत असेल तर वर घ्यायची. २५ सेंटिमीटरच्या लंबकात एका मिलिमीटरचा फरक झाला तर दिवसाला सुमारे तीन मिनिटांचा फरक पडतो. म्हणून चाकी अगदी थोडी फिरवायची.

पेटीतली चिठ्ठी

आजी घड्याळ न्यायला आल्या. पत्र्यावर ठोकल्याचे जुने वण तसेच होते. गेलेले पितळ परत येत नाही. पण घड्याळ चालत होते. आठवड्यात दोन मिनिटांचा फरक. दहाला बरोबर दहा टोल पडले. आजी एकेक टोल बोटावर मोजत होत्या.

घड्याळजींनी पेटीच्या आत एक चिठ्ठी चिकटवली. कोणत्या तारखेला काय केले, कोणत्या भोकांना बुश घातले, कसली स्प्रिंग घातली, हे सगळे तिच्यात होते. “आधीच्यांनी एवढं लिहून ठेवलं असतं,” ते म्हणाले, “तर माझे तीन दिवस वाचले असते.”

आजींनी ती चिठ्ठी अक्षर लावत लावत वाचली. मग घड्याळजींचे पेन मागून घेतले आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिले, ‘दर रविवारी चावी.’

ध्यानात ठेवा

१. बंद पडलेल्या घड्याळात खाण्याचे किंवा डोक्याचे तेल घालू नका.

२. चावी फिरत नसेल तर जोर करू नका. ती का फिरत नाही ते आधी शोधा.

३. काटे उलटे फिरवू नका. पुढे नेताना टोल पडायच्या जागी थांबा. टोल पुरा होऊ द्या, मग पुढे न्या.

४. चावी दर आठवड्याला ठरलेल्या वारी द्या.

५. स्प्रिंगेचे काम घरी करू नका. जाणत्याकडे न्या. न्याल तेव्हा आधी कोणी काय केले ते लपवू नका.

६. दुरुस्ती अशी करावी की पुढच्या माणसाला ती सोडवता यावी. आणि काय केले ते लिहून ठेवावे.

घड्याळ असो, पाण्याचा पंप असो की शिवणयंत्र असो. यंत्र अडले की आपण जोर वाढवतो. जोर वाढवण्याआधी अडथळा कुठे आहे ते बघा. तो काढला की पुष्कळदा जुनाच जोर पुरतो.