उसने गळे, स्वतःचे पाय

किल्लीची बाहुली गाते आहे. किल्ली संपत आली की सूर घसरतो, मान कलते. कुणीतरी धावत येऊन किल्ली देतं आणि तान पुन्हा चढू लागते. ही बाहुली, ऑलिंपिया, म्हणजे बॅले नर्तकी मॉइरा शियरर. गळा मात्र डोरथी बाँड या गायिकेचा! बाहुलीला आवाज बाहेरून मिळतो ही कथेतली गोष्ट, आणि पडद्यामागेही नेमकं तेच घडलेलं.

ही बाहुली आहे ‘द टेल्स ऑफ हॉफमन’ या १९५१च्या ब्रिटिश चित्रपटातली. मूळ ऑपेरा जाक ऑफेनबाखचा. १८८०मध्ये तो अपुरा टाकून ऑफेनबाख गेला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला त्याचा पहिला प्रयोग झाला. मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांनी त्याचा चित्रपट करताना आधी सगळं संगीत मुद्रित करून घेतलं. सर टॉमस बीचम यांनी रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचं संचालन केलं. मग त्या मुद्रणावर अख्खा चित्रपट नाचवला.

पार्श्वगायन आपल्याला नवं नाही. पण आपल्याकडे गाणं संपलं की नट बोलू लागतो. इथे गाणं संपतच नाही. शिवाय सेटवर आवाज टिपायचाच नव्हता. त्यामुळे कॅमेऱ्याची घरघर दाबणारं अवजड आवरण गळून पडलं आणि कॅमेरा मूकपटांच्या काळासारखा मोकळा फिरू लागला. गळ्यांची सोय झालेली असल्याने नटही नृत्यातले निवडता आले: रॉबर्ट हेल्पमन, लेओनीद मासीन, फ्रेडरिक ॲश्टन. नृत्यरचनाही ॲश्टनचीच. ऑपेरात गायिका असलेली स्टेला इथे थेट नर्तकी झाली. हे धाडस मला फार आवडतं.

प्रमुख भूमिकांपैकी दोघंच स्वतः गायले. हॉफमन झालेला रॉबर्ट राउन्सव्हिल आणि अँटोनिया झालेली ॲन आयर्स. अँटोनिया ही आजारी मुलगी. गायली तर मरेल म्हणून तिला गाण्याची बंदी. जिचा जीवच गळ्यात अडकलाय, तिच्याच वाट्याला या चित्रपटात स्वतःचा गळा यावा! दुष्ट डॉक्टर मिरॅकल तिच्या मृत आईचा आवाज जागवून तिला गायला भरीला पाडतो. तो प्रसंग बघताना ऑलिंपिया बाहुली हटकून आठवते. आणि आयर्सचं गाणंही आधीच मुद्रित झालेलं, म्हणजे कॅमेऱ्यासमोर तीसुद्धा आपल्याच जुन्या आवाजाबरहुकूम ओठ हलवत होती.