जालन्याची सळई आणि बिम

सळईसाठी राज्यभर नाव असलेल्या जालन्यात बिम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, अजून फारसं कानावर पडत नाही, म्हणून ही पोस्ट.

ऑटोकॅडच्या नकाशात बीम म्हणजे नुसत्या रेघा. बिममध्ये त्याच बीमला माप, काँक्रीटची ग्रेड, आतली सळई, सगळी माहिती चिकटलेली असते. खिडकी सरकवली की प्लॅन, सेक्शन आणि भिंतीची क्वांटिटी एकदम बदलते. ड्रेनेजचा पाइप बीममधून जात असेल तर ते स्क्रीनवरच कळतं. एरवी कळतं स्लॅब टाकल्यावर, ब्रेकर आणल्यावर!

मला भावतो तो सळईचा हिशेब. 12 मीटरच्या सळईतून साडेतीन मीटरचे तीन तुकडे काढले की दीड मीटर उरते. 16 एमएममध्ये जवळपास 2.4 किलो. सळईचं मॉडेल नीट केलं असेल तर बीबीएस, म्हणजे सळई कापण्या-वाकवण्याचा तक्ता, त्यातूनच निघतो आणि हा उरलेला तुकडा कुठे बसेल, हे कापण्याआधीच ठरवता येतं.

नागपूर मेट्रोने तर 5डी बिम वापरलं: थ्रीडी मॉडेलला वेळापत्रक आणि खर्चाची जोड. एकमजली घराला एवढा खटाटोप नको. हॉस्पिटल किंवा मोठी अपार्टमेंट असेल तर इंजिनिअरला जरूर विचारा.