खैराच्या गाभ्यातला रंग

विडा चघळला की तोंड लाल होते. पान हिरवे, चुना पांढरा, सुपारी तपकिरी, कात मातकट. मग लाल रंग येतो कुठून? वर्गात हा प्रश्न टाकला तर बहुतेक मुले काताचे नाव घेतात. ते बरेचसे बरोबर आहे. कातातील आणि सुपारीतील काही द्रव्यांचा चुन्याच्या सान्निध्यात हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो व लाल रंग तयार होतो. पण कात कशापासून करतात, हे विचारले की वर्ग गप्प होतो. महाड-पोलादपूरच्या शाळांत तरी असे होऊ नये. कात ज्यापासून होतो तो खैर तिथल्या डोंगरउतारांवरचा आहे, आणि कात करणारे म्हणून ज्यांना ‘कातकरी’ हे नाव पडले त्यांच्या वाड्या सावित्रीच्या खोऱ्यात जागोजागी आहेत.

खैर हा बाभळीचा भाऊबंद. संयुक्त, बारीक पानांमुळे दोघांत घोटाळा होतो. तो टाळायचा तर काटे पाहावेत. बाभळीचा काटा सरळ व लांब असतो, खैराचा आखूड आणि आकड्यासारखा वाकडा, पानाच्या देठाखाली जोडीने. बाभळीचे फूल पिवळा गोंडा, खैराचा तुरा लांबट व फिकट. शास्त्रीय पुस्तकांत अजून ‘अकेशिया कॅटेचू’ हे नाव आढळेल. २००५ साली व्हिएन्ना येथील परिषदेत ‘अकेशिया’ हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातील जातींसाठी राखण्याचे ठरले, त्यामुळे आपला खैर आता ‘सेनेगालिया कॅटेचू’ झाला आहे. झाडाला अर्थातच याचा पत्ता नाही.

खैराचे खोड आडवे कापले तर दोन भाग स्पष्ट दिसतात. बाहेर फिकट पिवळसर रसकाष्ठ, आत तांबूस गाभा. रसकाष्ठातून पाणी वर चढते. गाभ्यातील पेशी मेलेल्या असतात. पण त्या मरण्यापूर्वी झाड त्यांत टॅनिन आणि त्याच वर्गातील इतर द्रव्ये भरून ठेवते. वाळवी व बुरशी यांच्यापासून त्यांनी खोडाचे रक्षण होते. आपला रंग म्हणजे झाडाची ही संरक्षणसामग्री. असा गाभा धरायला दोन दशके तरी जावी लागतात.

कात काढण्याची रीत रसायनशास्त्राच्या शिक्षकाला आवडेल अशी आहे. गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळतात, पाणी गाळतात, आटवतात व थंड होऊ देतात. गाभ्यात मुख्यतः दोन प्रकारची द्रव्ये असतात. पैकी कॅटेचिन गरम पाण्यात सहज विरघळते, थंड पाण्यात फारच थोडे. म्हणून ते खाली बसते. हाच खायचा कात. टॅनिन मात्र थंड पाण्यातही विरघळलेले राहते. उरलेले पाणी आणखी आटवले की गडद तपकिरी गोळा मिळतो. त्याला व्यापारात ‘कच’ म्हणत, आणि कापड रंगवायला तोच जाई. उकळण्यासाठी लोखंडी भांडे मात्र चालत नाही. लोहाशी संयोग होऊन सगळे काळे पडते.

हा रंग कापडावर पक्का का बसतो? वांगे चिरून ठेवले की काळवंडते, त्याच जातीची ही क्रिया आहे. वांग्यात ती विकरामुळे लवकर होते इतकेच. गरम द्रावणातील छोटे रेणू सुताच्या आत शिरतात. तिथे त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन ते एकमेकांना जोडले जातात व मोठे, पाण्यात न विरघळणारे तपकिरी रेणू बनतात. आत गेलेला पाहुणा जाडजूड होऊन दारातच अडकावा, तसे हे होते. एकोणिसाव्या शतकात युरोपातील छिटांच्या कारखान्यांत ही क्रिया घडवण्यासाठी डायक्रोमेट वापरू लागले. (ते विषारी व कर्करोगकारक आहे, शाळेत हा प्रयोग नको.) इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे मच्छीमारही जाळी व शिडे काताच्या कढत पाण्यात बुडवीत, कारण टॅनिनमुळे ती लवकर कुजत नसत.

पाश्चात्त्यांना हा पदार्थ फार आधीपासून ठाऊक होता. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात ‘काते’वर एक स्वतंत्र संवाद घातला आहे. पुढे युरोपातील औषधविक्रेत्यांनी ही जपानातून येणारी माती समजून तिला ‘टेरा जापोनिका’ म्हटले! काताच्या पौर्वात्य नावांवरून ‘कॅटेचू’ हे नाव झाले, त्यावरून कॅटेचिन. १८३९ मध्ये राइन्श याने कॅटेचिन तापवून जो पदार्थ मिळवला त्याला पुढे कॅटेकोल नाव मिळाले. आणि आपण घाबरलो की रक्तात उतरणारे ॲड्रिनॅलिन ज्या गटात मोडते, त्या गटाचे नाव कॅटेकोलअमाइन. विड्यातला कात असा जीवशास्त्राच्या पुस्तकापर्यंत पोचला.

ज्यांनी तो केला त्यांची वाट निराळी झाली. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगलावर सरकारी नियंत्रण घट्ट होत गेले, आणि खैर तोडून कात करणे ही कातकऱ्यांची मुखत्यारी राहिली नाही. त्यांतले पुष्कळ जण कोळसा पाडण्याकडे आणि वीटभट्ट्यांकडे वळले. आजही दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भट्ट्यांवर जातात व पटावरची मुले वर्गातून दिसेनाशी होतात, हे तिथल्या शिक्षकांना आम्ही सांगायला नको. शासनाच्या यादीत कातकरी हा विशेष दुर्बल आदिवासी गट आहे. धंदा गेला, नाव तेवढे राहिले.

कात आता कारखान्यांत होतो. कशेडी घाटापलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात, असे कारखाने आहेत. कापडाचे रंग कृत्रिम झाले तरी पानाला, औषधांना आणि गुटख्याला कात लागतोच, म्हणून खैराची मागणी थांबलेली नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत खैर आहे. मालकीच्या जमिनीतला खैरही परवानगीशिवाय तोडता येत नाही. तरी चोरटी तोड होते. खैर जगातून नाहीसा होण्याच्या बेतात आहे असे मुळीच नाही. पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत तो पसरलेला आहे. धोका आहे तो स्थानिक, आणि जाड गाभ्याच्या जुन्या झाडांना. हिरड्याशी तुलना केली की हे कळते. हिरड्याचे टॅनिन फळात असते, फळे वेचली तरी झाड उभे राहते. खैराचा रंग मिळवायला खोडच पाडावे लागते. तोडलेला बुंधा पुन्हा फुटतो हे खरे, पण गाभ्यासाठी परत वीस वर्षे थांबायची कोणाची तयारी असते?

लाकडातून रंग देणाऱ्या झाडांची गत इतरत्रही अशीच झाली. लाल रंग देणाऱ्या ज्या लाकडावरून ब्राझील देशाला नाव मिळाले, ते झाड तिथे इतके विरळ झाले की २००७ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. चिमूटभर कात अर्धा पेला गरम पाण्यात ढवळून फडक्याने गाळा. दुसऱ्या पेल्यात हिरड्याची पूड तशीच घ्या. काताच्या थोड्या पाण्यात चुन्याची निवळी टाकून ठेवली तर ते हळूहळू तांबूस होईल. मग दोन्ही पेल्यांत फेरिक क्लोराईडच्या पातळ द्रावणाचे दोन-दोन थेंब टाका. हिरडा निळसर काळा होईल, कात हिरवट काळा. दोन्हींतील टॅनिनांची घडण वेगळी असल्याने हा फरक पडतो. बाजारचा कात पुष्कळदा भेसळीचा असतो. हिरवट छटा नीट दिसली नाही तर दुसऱ्या दुकानातला आणून पाहा.