वैद्यकीय यंत्रमानवी बाहूंचे स्वयंचलित अंशशोधन

शस्त्रक्रिया, सुईने ऊतीचा नमुना घेणे किंवा किरणोपचार यांसाठी वापरल्या जाणाऱ्या रोबोटचे अवजार प्रत्यक्षात जेथे असते आणि नियंत्रक संगणकाच्या हिशोबाने जेथे असायला हवे, त्यांतील तफावत मोजून ती यंत्रणेनेच दुरुस्त करण्याच्या प्रक्रियेस स्वयंचलित अंशशोधन अर्थात कॅलिब्रेशन म्हणतात. सिन्नर तालुक्यातील माळेगाव, मुसळगाव यांसारख्या औद्योगिक वसाहतींत यंत्रभाग बनवणारे कारखाने आपले मायक्रोमीटर ठरावीक मुदतीने स्लिप गेजशी ताडून पाहतात. तत्त्व तेच आहे. मात्र मायक्रोमीटर एकच माप देतो, तर सहा फिरत्या सांध्यांच्या बाहूत तळ व अवजार धरून सुमारे ३० राशी एकाच वेळी शोधाव्या लागतात.

गरज

पुनरावृत्तिक्षमता आणि अचूकता हे रोबोटचे दोन निराळे गुण आहेत. तोच बाहू त्याच बिंदूवर पुन्हा पुन्हा येणे ही पुनरावृत्तिक्षमता. सांगितलेल्या सहनिर्देशकांवर पोचणे ही अचूकता. मोटारींच्या कारखान्यात वेल्डिंगच्या रोबोटला प्रत्येक बिंदू हाताने नेऊन ‘शिकवता’ येतो, त्यामुळे तेथे पहिला गुण बहुधा पुरतो. रुग्णाच्या मेंदूतील गाठीवर बाहू आधी नेऊन पाहता येत नाही. तिचे स्थान सीटी किंवा एमआरआय प्रतिमेतून आकड्यांच्या रूपात मिळते, आणि पहिल्याच प्रयत्नात तेथे पोचावे लागते. एका सांध्याच्या शून्यस्थानात ०.१ अंशाची चूक असेल, तर ८०० मिलिमीटर लांब बाहूच्या टोकाशी ती सुमारे १.४ मिलिमीटर होते.

ही अडचण आरंभापासून ओळखली गेली होती. १९८५ साली अमेरिकेत लाँग बीच येथे यिक सान क्वो व सहकाऱ्यांनी ‘प्युमा’ या औद्योगिक रोबोटच्या साहाय्याने सीटी-मार्गदर्शित मेंदूशस्त्रक्रिया केली. १९८८ मधील त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच सुधारित निरपेक्ष अचूकतेचा उल्लेख आहे, आणि योग्य अंशशोधनातून मिळणारी ही अचूकता त्यांनी आपल्या पद्धतीचा बहुधा सर्वांत महत्त्वाचा लाभ मानली.

शल्यविशारद पडद्यावर पाहत स्वतः हालचाली घडवतो अशा दूरनियंत्रित यंत्रणांत, उदाहरणार्थ ‘दा विंची’त, डोळा व हात मिळून लहान चूक सतत सावरत असतात. तेथे निरपेक्ष अचूकतेचे महत्त्व तुलनेने कमी असते.

पद्धत

बाहूचे गणिती प्रारूप बहुधा डेनाव्हिट व हार्टेनबर्ग यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या पद्धतीने करतात. तीत प्रत्येक सांध्यासाठी चार राशी असतात. लागोपाठचे दोन अक्ष जवळजवळ समांतर असल्यास हे वर्णन ढासळते, म्हणून समद हयाती यांनी १९८३ मध्ये सुचवलेली जादा राशी वापरली जाते. त्यानंतर बाहू अनेक निरनिराळ्या स्थितींत नेऊन त्याच्या टोकाचे स्थान लेझर ट्रॅकर किंवा प्रकाशीय कॅमेऱ्याने मोजतात, आणि मोजलेल्या व गणिताने आलेल्या स्थानांतील फरकांच्या वर्गांची बेरीज किमान होईल अशा राशी संगणक शोधतो. कॅमेरा बाहूवरच बसवला असल्यास कॅमेरा व मनगट यांचे परस्परस्थानही काढावे लागते. या ‘हात-डोळा’ अंशशोधनाची त्साई व लेन्झ यांची १९८९ ची रीत प्रसिद्ध आहे.

पूर्वी हे काम तंत्रज्ञ एकेक स्थिती निवडून करीत असे. स्वयंचलित पद्धतीत स्थितींची निवडही संगणक करतो, आणि सर्वांत नाजूक टप्पा हाच आहे. सगळ्या स्थिती एकसारख्या असतील, तर दोन राशींचे परिणाम एकमेकांत मिसळतात आणि आकडेमोड सुबक दिसूनही उत्तर चुकते. शिवाय शस्त्रक्रियेचे टेबल, दिवे व बाहूचे स्वतःचेच भाग यांना धक्का न लागणाऱ्या स्थितीच घ्याव्या लागतात. मिळालेल्या राशींची पडताळणी गणनेत न वापरलेल्या स्थितींवर करणे आवश्यक असते.

बाहू अचूक झाला तरी रुग्ण कोठे आहे हे त्याला कळत नाही. त्यासाठी डोक्यावरील किंवा हाडावरील खुणा प्रतिमेतील खुणांशी जुळवतात. खुणांची जुळणी चांगली म्हणजे लक्ष्यही अचूक, असे मात्र मानता येत नाही. लक्ष्यावरील चूक खुणांच्या मांडणीवर आणि त्यांच्यापासूनच्या अंतरावर अवलंबून असते.

मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात मेंदूशस्त्रक्रियेसाठी समांतर रचनेच्या रोबोटवर काम झाले आहे. अशा रचनेत अनेक पाय एकाच मंचाला आधार देतात, त्यामुळे साखळीसारख्या बाहूप्रमाणे प्रत्येक सांध्याची चूक पुढच्या सांध्यावर चढत जात नाही. पायांच्या लांबीचे व सांध्यांच्या जागांचे अंशशोधन तरीही टळत नाही.

मर्यादा

गुरुत्वाने येणारा झोल, दातेरी चाकांतील ढिलेपणा आणि तापमान यांचा परिणाम केवळ भूमितीच्या राशींत पूर्णपणे बसत नाही. १ मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा भाग १० अंश सेल्सिअस तापल्यास सुमारे ०.२३ मिलिमीटरने वाढतो.

अधिक गंभीर धोका स्वयंचलनाचाच आहे. धक्क्याने एखादा दुवा वाकला, तर यंत्रणा राशी बदलून ते व्यंग निमूटपणे झाकू शकते. कॅमेराच चुकत असेल, तर बाहू त्याच्या चुकीशी जुळवून घेतो. म्हणून नव्या राशी आधीच्यांपेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास दुरुस्ती न स्वीकारता यंत्र थांबवणे आणि स्वतंत्र साधनाने तपासणी करणे हाच सुरक्षित मार्ग होय. रोबोटच्या बाहूवर किरणोत्सर्जक बसवलेल्या ‘सायबरनाइफ’मध्ये अशी स्वतंत्र चाचणी दैनंदिन कामाचा भाग असते: ठोकळ्यात बसवलेल्या धातूच्या गोळीची छाया फिल्मवर किरणक्षेत्राच्या मध्याशी जुळते की नाही, हे पाहिले जाते.