'ताव' हे अक्षर आणि तारणाची कल्पना

इब्री वर्णमालेत बावीस अक्षरे असून त्यांतील अखेरचे अक्षर 'ताव' हे होय. ख्रिस्ती धर्मविचारात इब्री अक्षरांस वेळोवेळी जे सांकेतिक अर्थ देण्यात आले, त्यांत ह्या अक्षराइतका दीर्घ आणि साधार इतिहास क्वचितच दुसऱ्या एखाद्या अक्षरास लाभला असेल. 'साधार' हे विशेषण येथे हेतुतः योजिले आहे. अक्षरप्रतीकांच्या नावाखाली जे वाङ्मय निर्माण झाले आहे, त्यातील बराच भाग केवळ कल्पनाविलास आहे; त्यामुळे अभ्यासकांत ह्या विषयाकडे पाठ फिरविण्याची प्रवृत्ती दिसते. ती प्रवृत्ती समजण्यासारखी असली, तरी तिच्यापायी एक महत्त्वाचा प्रश्न मात्र बाजूस पडतो. तारणाची खूण ही तारणाचे कारण असते, की केवळ त्याची ओळख? ताव ह्या अक्षराभोवती यहूदी व ख्रिस्ती भाष्यकारांनी जो विचार केला, तो मुख्यतः ह्याच प्रश्नाभोवती फिरतो.

ह्या प्रकरणाचे मूळ यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात आहे. बाबिलोनमध्ये बंदिवासात असलेल्या यहेज्केलास इ. स. पू. ५९२ च्या सुमारास एक दर्शन घडले. त्यात यरुशलेम नगराचा संहार करण्यासाठी शस्त्रे घेतलेले सहा पुरुष येतात आणि त्यांच्यामध्ये तागाची वस्त्रे ल्यालेला, कमरेस लेखकाची दौत असलेला एक पुरुष असतो. ह्या लेखकास आज्ञा होते ती अशी : नगरातून फिरावे, आणि तेथे चाललेल्या अमंगल कृत्यांमुळे जे उसासे टाकीत व विलाप करीत आहेत, त्यांच्या कपाळांवर ताव काढावे. शस्त्रधाऱ्यांनी त्याच्या मागोमाग जाऊन, ज्यांच्यावर ही खूण नाही अशा कोणासही सोडू नये, आणि आरंभ मंदिरापासूनच करावा. येथे कुळाचा विचार नाही, अर्पिलेल्या बलींचा नाही, की मंदिरातील अधिकाराचा नाही. कसोटी एकच, आणि ती म्हणजे दुःख होणे. अध्यायाच्या शेवटी लेखक परत येऊन, सांगितल्याप्रमाणे केले, एवढाच वृत्तांत देतो. किती कपाळांवर खूण उमटली हे ग्रंथकार सांगत नाही.

इब्री भाषेत 'ताव' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत : वर्णमालेतील अखेरचे अक्षर आणि सामान्यतः कोणतीही खूण. ईयोबाच्या ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायात ईयोब आपल्या बाजूचे निवेदन पुरे करून जेव्हा जणू त्याखाली सही करतो, तेव्हा त्या सहीसही 'ताव' असाच शब्द आहे. आपल्याकडील जुन्या वतनी कागदपत्रांत पाटलाच्या नावाशी 'निशाणी नांगर' असे लिहून नांगराची आकृती काढलेली आढळते. ईयोबाचे ताव त्याच जातीचे, म्हणजे माणसाची स्वतःची अशी निशाणी होय. तेव्हा यहेज्केलास अक्षरच अभिप्रेत होते की केवळ खूण, हे निश्चयाने सांगता येत नाही. परंतु हे द्वैत त्या काळी फारसे जाणवणारे नव्हते. कारण त्या काळच्या लिपीत ताव हे अक्षर म्हणजे एकमेकींस छेदणाऱ्या दोन रेघा, म्हणजेच कोणीही सहज काढील अशी फुलीच होती. १९३५ साली लाखीश येथील उत्खननात शाईने लिहिलेली जी खापरे सापडली, ती यरुशलेमच्या पाडावाच्या आदल्या काही वर्षांतील, म्हणजे जवळजवळ यहेज्केलाच्या समकालीनच आहेत, आणि त्यांवर ताव ह्या फुलीच्या रूपातच दिसते. पुढे बंदिवासानंतर यहूदी लोकांनी अरामी वळणाची चौकोनी लिपी स्वीकारली, तीत ह्या अक्षराचे रूप पार बदलले आणि फुलीचा मागमूस राहिला नाही. हा लिपीभेद ध्यानात न ठेवल्यामुळे पुढील चर्चेत अनेकांची गफलत झाली आहे.

ग्रीक भाषांतरकारांनी, म्हणजे सेप्टुआजिंटच्या कर्त्यांनी, यहेज्केलाच्या ह्या स्थळी सरळ 'चिन्ह' अशा अर्थाचा शब्द घातला. त्यामुळे ग्रीक वाचकांपुरते अक्षर नाहीसे झाले. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात कैसरिया येथे अध्यापन करणारा ऑरिजेन हा ख्रिस्ती पंडित ह्या पाठभेदाने अस्वस्थ झाला. अक्विला व थिओडोशन ह्यांच्या भाषांतरांत 'ताव' शब्द तसाच ठेवलेला त्याला दिसला, आणि त्याने इब्री जाणणाऱ्यांकडे विचारणा केली. त्याला तीन उत्तरे मिळाली. एकाने सांगितले की, ताव हे शेवटचे अक्षर असल्यामुळे ते विलाप करणाऱ्यांच्या सद्गुणांची परिपूर्णता दर्शविते. दुसऱ्याने सांगितले की, 'तोरा' हा शब्द ह्या अक्षराने सुरू होतो, म्हणून ते धर्मशास्त्र पाळणाऱ्यांचे चिन्ह आहे. तिसरा यहूदी असूनही ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा होता; त्याने सांगितले की, जुन्या लिपीतील ताव क्रूसाच्या आकाराचे असे, आणि ख्रिस्ती लोक कपाळावर जी खूण करतात तिचे हे भाकीत होय.

ऑरिजेनने ही तिन्ही उत्तरे शेजारी शेजारी नोंदवून ठेवली, हे त्याचे मोठेच उपकार म्हटले पाहिजेत. त्यांतील पहिल्या दोन उत्तरांसारखे विचार आपणांस बाबिलोनी तालमूदाच्या शब्बाथ प्रकरणातही आढळतात. तेथे यहेज्केलाच्या ह्याच दर्शनावर ऊहापोह आहे. नीतिमानांच्या कपाळावर शाईचे ताव आणि दुष्टांच्या कपाळावर रक्ताचे ताव काढण्यास देव गब्रिएलास सांगतो, अशी तेथील कथा आहे. ताव हेच अक्षर का, ह्या प्रश्नास राव हा आचार्य उत्तर देतो की, 'तू जगशील' आणि 'तू मरशील' ह्या दोन्ही अर्थांची इब्री क्रियापदे ह्याच अक्षराने आरंभ पावतात. रेश लाकिश म्हणतो की, देवाच्या मुद्रेचे हे अंत्याक्षर आहे. ती मुद्रा म्हणजे 'एमेथ', सत्य. रेश लाकिश हा पॅलेस्टाइनमधील आचार्य आणि ऑरिजेनचा जवळजवळ समकालीन. कैसरियाचा ख्रिस्ती पंडित आणि गालीलातील रब्बी ह्यांच्यामध्ये ह्या एका अक्षरासंबंधी समान अशी एक चर्चा खेळत होती, असे मानण्यास ह्यामुळे चांगलाच आधार मिळतो.

तालमूदातील कथा मात्र येथे थांबत नाही, आणि तिचा पुढील भाग ख्रिस्ती परंपरेने घेतला नाही, हे विशेष लक्षणीय आहे. न्यायाची मूर्ती देवापुढे उभी राहून विचारते : हे नीतिमान खरे, पण त्यांना निषेध करता येण्यासारखा होता, तो त्यांनी केला का? त्यांचे कोणी ऐकले नसते, हे देवास ठाऊक होते. पण ते त्यांना कोठे ठाऊक होते? हा युक्तिवाद देवास मान्य होतो. मग मंदिरापासून आरंभ करण्याच्या आज्ञेचा अर्थ राव योसेफ असा लावतो की, संहाराचा आरंभ पवित्र जनांपासूनच, म्हणजे 'आलेफपासून तावपर्यंत' सारे शास्त्र पाळणाऱ्यांपासूनच झाला. ज्या अक्षराने रक्षण व्हावयाचे, त्याच अक्षराने येथे अभियोग उभा राहतो. मूळ दर्शनापेक्षा हे भाष्य अधिक कठोर आहे, आणि आमच्या मते अधिक खोलही आहे : उसासा टाकणे पुरेसे आहे काय, हा प्रश्न ते उपस्थित करते.

तावाची खूण मसीहाच्या आगमनाशी जोडण्याचे कार्यही ख्रिस्ती मंडळीच्या आधीच झालेले होते. कैरोच्या गनिझामधून सॉलोमन शेक्टर ह्यांनी मिळविलेला आणि १९१० साली प्रसिद्ध केलेला तथाकथित दमास्कस ग्रंथ यहेज्केलाच्या ह्या वचनाचा आधार घेऊन सांगतो की, मसीहा येईल तेव्हा दीनजन बचावतील आणि इतर तलवारीच्या स्वाधीन होतील. पुढे कुमरानच्या गुहांतून ह्याच ग्रंथाची फार जुनी शकले मिळाल्यावर त्याचे प्राचीनत्व निःसंशय ठरले. म्हणूनच १९४५ साली यरुशलेमजवळील तालपियोत येथील थडग्यात अस्थिपेट्यांवर फुल्या आढळल्या, तेव्हा सुकेनिक ह्यांनी त्यांचा संबंध आद्य ख्रिस्ती लोकांशी जोडला असला, तरी तो निष्कर्ष टिकला नाही. १९५१ साली एरिक डिंकलर ह्यांनी अशा फुल्या यहूदी तावाच्या परंपरेतील असाव्यात असे दाखविले. काही फुल्या तर पेटी व झाकण नीट जुळावे एवढ्यासाठीच काढलेल्या असणे संभवते. फुली दिसली की क्रूस समजणे, ही घाई होय.

नव्या करारात ताव हा शब्द नाही, परंतु त्याची छाया स्पष्ट आहे. प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात देवाच्या दासांच्या कपाळांवर शिक्का मारीपर्यंत पृथ्वीस उपद्रव करू नये अशी आज्ञा आहे. चौदाव्या अध्यायात तो शिक्का म्हणजे कोकऱ्याचे व पित्याचे नाव, असा उलगडा होतो. खुणेची जागा अशा रीतीने नामाने घेतली. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शिक्क्याबरोबर 'अर्राबोन' हा शब्द येतो. तो सेमिटिक व्यापारी भाषेतून ग्रीकमध्ये गेलेला असून मराठी बायबलातील 'विसार' हा त्याचा अचूक प्रतिशब्द आहे. विसार दिला म्हणजे व्यवहार पक्का झाला, पण पुरा झाला नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी कपाळावर करण्यात येणाऱ्या खुणेचा हाच अर्थ आरंभीच्या मंडळीत होता, असे दिसते.

लॅटिन जगात टर्टुलियनने मार्कियनविरुद्धच्या ग्रंथात यहेज्केलाचे वचन देऊन सांगितले की, ग्रीकांचे टाऊ आणि आमचे टी हे क्रूसाचे रूपच आहे. येथे एक पाऊल नकळत घसरले आहे : इब्री अक्षराच्या जागी ग्रीक अक्षर आले आहे. त्याहीपूर्वीच्या, बर्णबाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पत्रात हे घसरणे अधिक उघड आहे. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात अब्राहामाच्या घरी जन्मलेल्या ३१८ माणसांचा उल्लेख आहे. पत्रकर्ता म्हणतो की, अठरा म्हणजे येशूच्या नावाची पहिली दोन ग्रीक अक्षरे, आयोटा (१०) व एटा (८), आणि तीनशे म्हणजे क्रूसाकृती टाऊ. अर्थात हा हिशेब फक्त ग्रीक वर्णमालेतच जुळतो. इब्रीत तावचे मूल्य ३०० नसून ४०० आहे. रब्बींनी ह्याच संख्येत अब्राहामाचा सेवक एलियेजर ह्याचे नाव पाहिले, आणि त्या नावाच्या इब्री अक्षरांची बेरीज खरोखरच ३१८ येते. रब्बींचे उत्तर निदान मूळ भाषेत तरी बसते.

जेरोम हा इब्री जाणणारा, म्हणून तो अधिक सावध असावा अशी आपली अपेक्षा असते. यहेज्केलावरील भाष्यात त्याने जुन्या लिपीतील ताव क्रूसासारखे असते हे नोंदविले, ते योग्यच. मात्र समारिटन लोक ती लिपी अद्याप वापरतात, हा त्याने दिलेला दाखला तपासून घ्यावा लागतो, कारण आजच्या समारिटन लिपीतील ताव क्रूसासारखे दिसत नाही. इ. स. ३८४ मध्ये रोमहून पौला ह्या शिष्येस लिहिलेल्या पत्रात त्याने बावीसही अक्षरनामांचे अर्थ देऊन त्यांची सात वाक्ये जुळविली आहेत. शेवटच्या गटात 'हाक', 'मस्तक', 'दात' आणि 'चिन्हे' असे अर्थ येतात; त्यांवरून, दातांच्या साहाय्याने स्पष्ट वाणी उमटते आणि ह्या चिन्हांच्या द्वारे सर्वांचे मस्तक जो ख्रिस्त त्याच्यापर्यंत पोहोचता येते, असा अन्वय तो लावतो. हे रमणीय आहे, पण येथे अक्षरास कोणत्याही वचनाचा आधार उरलेला नाही.

मध्ययुगात अक्षर पुन्हा वचनाकडे वळले. ११ नोव्हेंबर १२१५ रोजी चौथ्या लॅटरन परिषदेचे उद्घाटन करताना तिसऱ्या इनोसंट पोपने यहेज्केलाचे हेच दर्शन विषय म्हणून घेतले, आणि जो आपल्या आचरणात क्रूसाचे सामर्थ्य दाखवितो तोच कपाळावर ताव धारण करतो, असे प्रतिपादन केले. ह्याच परिषदेने नव्या क्रूसयुद्धाची घोषणा केली, आणि यहूदी व मुसलमान लोकांनी वेगळा ओळखू येईल असा पोशाख करावा, असा नियमही केला. यहूद्यांच्या अक्षरास तारणाची खूण म्हणून गौरविणाऱ्यांनी त्याच बैठकीत यहूद्यांवर वेगळेपणाची खूण लादावी, ह्याकडे अभ्यासकाने दुर्लक्ष करू नये. असिसीच्या फ्रान्सिसने मात्र टाऊ ही आपली सही केली. १२२४ साली ला व्हेर्ना डोंगरावर त्याने बंधू लिओ ह्यास आशीर्वाद लिहून दिला, तो चर्मपत्राचा तुकडा असिसी येथे जतन केलेला आहे. त्यावर गणनेच्या ग्रंथातील याजकीय आशीर्वाद असून खाली टाऊ काढलेले आहे. ईयोबाप्रमाणेच येथे ती एका माणसाची निशाणी आहे.

ह्यानंतर प्रबोधनकाळात ख्रिस्ती कब्बाला उदयास आली आणि अक्षरांवरील भार फारच वाढला. योहान रॉइखलिनने १४९४ च्या ग्रंथात देवाच्या चतुरक्षरी नामाच्या मधोमध 'शीन' घालून येशूचे नाव सिद्ध केले. ह्या युक्तीतील दोष साधा आहे. येशूचे खरे इब्री नाव 'येशुआ' हे 'आयिन' ह्या अक्षराने संपते, आणि तारणे ह्या अर्थाच्या धातूत ते आयिन अनिवार्य आहे. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात नावाची जी व्युत्पत्ती सुचविली आहे, ती त्याच धातूवर उभी आहे. रॉइखलिनच्या पंचाक्षरी नामात आयिन नाही. अक्षरांतून तारण दाखविण्याच्या खटपटीत तारणाचा अर्थ ज्या अक्षरावर अवलंबून आहे, तेच अक्षर गळून पडले.

अलीकडे प्रत्येक इब्री शब्द मूळ चित्रांत फोडून त्यातून ख्रिस्ती सिद्धांत वाचण्याची पद्धत लोकप्रिय झाली आहे. आलेफ म्हणजे बैल, बेथ म्हणजे घर, ताव म्हणजे क्रूस, अशी ती बेरीज असते. अक्षरांचा चित्रमूलक उगम खरा आहे. सिनाईतील सेराबित एल् खादिम येथे १९०५ साली फ्लिंडर्स पेट्री ह्यांना मिळालेल्या लेखांवरून तो कळतो. परंतु १९१६ साली गार्डिनर ह्यांनी त्या लेखांतील देवीचे नाव वाचले ते प्रत्येक चित्राच्या नावाचा आद्य ध्वनी घेऊन, चित्रांचे अर्थ जोडून नव्हे. अक्षर झाले त्याच क्षणी बैलाचा आणि घराचा शब्दार्थाशी संबंध तुटला होता.