इंटेल की एएमडी? गुंतवणूकदारांचा जुना वाद

● स्थापना : इंटेल १९६८, एएमडी १९६९, दोन्ही कॅलिफोर्नियात.

● मुख्य फरक : इंटेल प्रामुख्याने स्वतःच्या कारखान्यांत चिप बनवते. एएमडीने २००९मध्ये कारखाने वेगळे काढले. आता ती आराखडे करते आणि उत्पादन मुख्यतः तैवानच्या टीएसएमसीकडून करून घेते.

● पारडे फिरले : २०१५मध्ये एएमडीचा शेअर २ डॉलरच्याही खाली गेला होता. २०१७मध्ये 'रायझेन' चिप आली. इंटेलचे १० नॅनोमीटर तंत्र मात्र वर्षानुवर्षे रखडले. २०२२मध्ये एएमडीने बाजारमूल्यात इंटेलला मागे टाकले.

● वादाचा मुद्दा : कारखाने हे इंटेलचे बळ की खर्चाचे ओझे?

● नोव्हेंबर २०२४ : डाऊ जोन्स निर्देशांकातून इंटेल बाहेर, एनव्हिडिया आत.

● ध्यानात ठेवा : चिप कितीही सरस असली, तरी शेअर कोणत्या भावाने घेतोय, हे आधी तपासा.